बसलेलं माप

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझं माप घेतलं तेव्हा मला इतका राग आला होता, की त्यांच्या चहात मी मुद्दाम साखर घातली नाही. त्यांनी तो चहा निमूट पिऊन टाकला, कप बशीत पालथा ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, आता जरा बसून घ्या. उभं माप झालं, बसलेलं राह्यलं."

मी बावीस वर्षांची होते. नव्या घरात उभ्या ओट्यापाशी ऐटीत स्वयंपाक करायचा, हे माझं ठरलेलं होतं. मी कशाला बसू? तसं मी बोलूनही दाखवलं. तर म्हणतात कसे, "बसा ना, सुतळी माझी हाये, तुमच्या माहेरून आणली का मी?" सासूबाई बघत होत्या, आमचे हे बघत होते. शेवटी बसले, तेही गोडेतेलाच्या पालथ्या डब्यावर. मिस्त्रींनी सुतळीचं एक टोक माझ्या कोपराला लावलं, दुसरं जमिनीपर्यंत सोडलं, गाठ मारली आणि सुतळी खिशात टाकली. त्या एका गाठीवरून मी पुढे सहा महिने त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्यांना नाव होतं, पण आदिलाबादेत ते कुणी घेत नसे. गावात सुतार पुष्कळ होते, मिस्त्री मात्र एकच. घर बांधायला काढलं की लोक आधी गवंड्याकडे जात आणि पैसेवाले इंजिनिअरकडे जात, आणि ज्यांना त्या घरात खरोखर राहायचं असे ते मिस्त्रींकडे जात. खिडकी किती उंचीवर, ओटा कुठे, कपाट कुणाच्या हाताला लागलं पाहिजे, हे सगळं ते सांगत आणि मग त्यातलं लाकडाचं काम स्वतः करत. आता याला इंटिरिअर डिझायनर म्हणतात, चकचकीत कार्ड छापतात. मिस्त्रींकडे कार्ड नव्हतं. खिशात सुतळीचं बंडल, कानावर पेन्सिल आणि धोतराला कायम भुसा. स्टीलचा टेपही होता एक, पण तो इंजिनिअर लोकांसमोर काढायचा. ते गेले की परत सुतळी.

त्यांची काम घ्यायची रीत होती, आणि त्या रीतीपायी निम्मं गाव त्यांना हावरट म्हणायचं. काम घ्यायच्या आधी ते तीन दिवस तुमच्या घरी दुपारी जेवायला येणार. तहसिलीतल्या लोकांसारखा शब्द वापरायचे या पाहणीसाठी, मुआयना. "आधी मुआयना, मंग काम." खरं तर जेवण ते चिमणीएवढं. अर्धी भाकरी, वरण, हिरवी मिरची. पण जेवण झालं की उठायचं नाव नाही. भिंतीला टेकून बसायचे आणि बघत राहायचे. घरात कोण कुठे बसतं, कोण कुठे टेकतं, कोणती वस्तू घ्यायला कोण टाचा उंचावतं. मी नांदेडची. आमच्याकडे परका पुरुष स्वयंपाकघराच्या दाराशी असा ठाण मांडून बसला असता, तर माझ्या काकानं त्याला उचलून रस्त्यावर ठेवला असता. इथे सगळ्यांना ते चालत होतं, हेच मला कळेना.

त्यांच्या मुआयन्याच्या गोष्टी गावभर होत्या. एका बड्या साहेबानं बंगल्यावर बोलावून सोफा सांगितला. मिस्त्री म्हणाले, बसून दाखवा. साहेब ताठ बसले. मिस्त्री म्हणाले, हे तर तुमी दफ्तरात बसता, घरी कसे बसता ते दाखवा. साहेब वैतागले आणि पेपर वाचायला लागले. मिस्त्री समोर बसून राहिले. तास गेला, दीड तास गेला, साहेब विसरून गेले की हा माणूस समोर आहे, आणि त्यांनी एक पाय सवयीनं खुर्चीच्या हातावर टाकला. लगेच सुतळी बाहेर. सोफा झाला तो असा, की त्याचा एक हात उंच आणि दुसरा बसका. येणारे-जाणारे हसायचे. पण साहेबांची बदली झाली तेव्हा बाकीचं सगळं सामान त्यांनी विकलं आणि तो लंगडा सोफा तेवढा ट्रकवर चढवला.

दिवाणाची गोष्ट तर मी स्वतः पाहिलेली. आमच्या गल्लीतल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्यात मिस्त्रींनी नवऱ्या मुलाला भर मांडवात आडवं पाडून माप घेतलं. मुलगा सहा फुटी. सागवानाचा दिवाण तयार झाला, पायांवर वेल कोरलेला, नुसता बघत राहावा. आणि लग्न मोडलं. पुढच्या वर्षी दुसरा जावई आला, तो बुटका. बिचारा त्या दिवाणावर बसला की पाय लोंबायचे. जिनिंगवाले म्हणाले, पाय थोडे कापून द्या. मिस्त्री चिडून तेलुगूत सुरू झाले. राग आला की ते तेलुगूत जायचे, व्यापाऱ्यांशी हिंदी बोलायचे आणि मराठी ठेवलेली होती फक्त लाकडासाठी आणि बायामाणसांसाठी. तेलुगू संपल्यावर मराठीत येऊन म्हणाले, "दिवाण कापनार नाही. जावई पाहाले जाताना सुतळी न्यायची होती."

असला माणूस. सनमायकाचं नाव काढलं तर तोंड कडू करायचे. तरुणपणी निर्मल गावी लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे काही वर्षं होते, लाकडाची सीताफळं आणि आंबे रंगवायचे. हात इतका बसलेला की एकदा आमच्याकडे ओट्यावर त्यांनी एक लाकडी कैरी ठेवली आणि मी मीठ-तिखट घेऊन ती चिरायला बसले. मग ते काम सोडलं काऊन, असं सासूबाईंनी विचारलं होतं त्यांना. त्यांनी सांगितलं, तिथं सगळं पाहण्यापुरतं होतं, त्यावर कोणी बसत नव्हतं.

आता आमच्या घराचं सांगते, कारण त्याशिवाय मिस्त्री सांगून होणार नाहीत.

आमच्या ह्यांचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. भाड्याच्या दोन खोल्यांतून उठून आम्ही स्वतःचं घर बांधायला काढलं होतं. घरात आम्ही तिघंच. सासूबाई बाजारहत्नूरकडच्या खेड्यातल्या, अंगानं एवढ्याशा, बोलायला मात्र अख्खा बाजार. जन्मभर चुलीपुढे बसून भाकरी थापलेल्या. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. म्हणून तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसायच्या आणि उठताना दाराची चौकट धरायच्या. तिथं हात लागून लागून चौकट काळी गुळगुळीत झाली होती. उभं राहून करायचं म्हटलं तर दहा मिनिटांत पाय थरथरायचे.

तेव्हा ह्यांनी ठरवलं, की नव्या घरात उभा ओटा करायचा, हैदराबादच्या मासिकातल्या चित्रासारखा, आणि आईसाठी व्हरांड्यात एक छानशी आरामखुर्ची. आईनं आयुष्यभर केलं, आता आराम करू दे. सगळे म्हणाले, किती गुणाचा मुलगा. खरं सांगते, ही आरामखुर्ची त्यांच्या डोक्यात घातली होती मी. मला त्या ओट्यापाशी नको होत्या. मीठ किती, तेल किती, भाजी अशी चिरतात का, तुमच्या नांदेडात असंच करतात का. दीड वर्ष ऐकून माझे कान किटले होते. एक स्वयंपाकघर तरी माझं हवं होतं मला. त्यात पाप आहे असं तेव्हा वाटलं नाही, आणि आजही फारसं वाटत नाही.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. हीच खूण होती, पण आम्ही कुणी ओळखली नाही. मुआयन्याचे तीन दिवस त्या मुकाट डब्यावर बसून भाकरी थापत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला तिखट-हळदीचा मिसळणाचा डबा काढून माझ्या हातात दिला, म्हणाल्या, ठेव तुझ्यापाशी. मी आनंदानं घेतला. मिस्त्री दाराशी बसून ते बघत होते. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मिस्त्री, खुर्ची मजबूत करजा. मसणात नेताना खांदेकऱ्याइले सोपं जाईन."

ह्यांचा चेहरा पडला. मी पदराशी खेळत राहिले. मिस्त्री उठले, चौकटीपाशी गेले आणि तिथला काळा गुळगुळीत डाग जमिनीपासून किती उंच आहे ते सुतळीनं मोजलं. गाठ मारली. मग ह्यांना म्हणाले, "आरामखुर्ची मी नाही करत."

हे म्हणाले, काऊन? पैशाचं काही असेल तर बोला.

"तीन दिवस पाहून राह्यलो. माय आराम करतच नाही. जे माणूस करत नाही, त्याची खुर्ची मी काऊन करू?"

आणि मग माझ्याकडे वळले, उभ्या राहा म्हणाले, लाटणं धरल्यासारखे हात धरा म्हणाले. पुढचं मी आधीच सांगितलंय. बिनसाखरेचा चहा, तेलाचा डबा, सगळं.

मी रात्रंदिवस धुसफुसत होते. सगळ्यांसमोर काय मान राहिला माझा? ओटा कसा होणार हे ते कुणाला सांगेनात. गवंड्याशी त्यांची दोनदा तेलुगूत भांडणं झाली. फळ्या आणून महिनाभर आमच्याच अंगणात, आमच्याच खाटांखाली पसरून ठेवल्या, लाकडाला घराची हवा लागली पाहिजे म्हणे. मी येता-जाता त्या फळ्यांना ठेचकाळत होते.

ओटा झाला तो बरोबर माझ्या मापाचा. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी हात ठेवला आणि मनातल्या मनात जिंकले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री डोक्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. बैठक होती ती. सागवानाची, उंच, पाठीला टेकायला फळी, पाय ठेवायला आडवी पट्टी, खाली चार पायांना चार ठोकळे. बाजूच्या भिंतीत त्यांनी एक गोल दांडा बसवला, चौकटीवरच्या त्या काळ्या डागाच्या उंचीवर. सासूबाईंनी दांडा धरला आणि चढून बसल्या. त्यांची कोपरं आली नेमकी ओट्यावर. आणि त्यांचे डोळे आले नेमके माझ्या डोळ्यांसमोर. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा एका उंचीवर होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"मिसळणाचा डबा आण."

मी आणून दिला. दुसरं काय करणार होते? मिस्त्रींकडे बघितलंसुद्धा नाही. ते मात्र खूश होऊन पाण्याचा तांब्या मागत होते.

पुढचे महिने मी त्या बैठकीला मनातून सिंहासन म्हणत असे आणि तिला शिव्या देत असे. माझ्याच मापाच्या ओट्यावर त्यांचं राज्य. भाजी कशी चिरावी ते आता कानाशी यायचं.

मग एक दिवस निरोप आला, की मराठी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आहे. माझं डी.एड. लग्नाआधी झालेलं, सर्टिफिकेट ट्रंकेत पडलेलं. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी माहेरीसुद्धा कधी बोलले नव्हते. ह्यांना विचारलं. हे वाईट नाहीत, पण पटकन म्हणून गेले, "मग घरचं कोण पाहीन? शाळा दहाची, मी दुकानात नवाला जातो. भाकरी कोण टाकीन?"

मी ओट्याशी उभी होते. बोलल्या त्या सासूबाई. हातातलं पीठ न झटकता बोलल्या.

"अन मी काय इथं शोभेसाठी बसली का?"

बस. एवढंच. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या परातीत बघत होत्या. मला रडू आलं आणि ते लपवायलाही जागा नव्हती, कारण आमचे चेहरे एका उंचीवर होते. त्या म्हणाल्या, रडते काऊन, अर्ज लिही. सत्तावीस वर्षं मी त्या शाळेत शिकवलं. त्यातली पहिली तेरा वर्षं माझा डबा त्या बैठकीवरून भरला गेला. मी ज्यांना ओट्यापासून हटवायला निघाले होते, त्या तिथून हटल्या असत्या, तर मी आयुष्यभर त्या ओट्यापाशी उभी राहिले असते. हे समजायला मला नोकरीचा पहिला पगार हातात यावा लागला.

त्या पगारातून मी पेढे घेतले आणि मिस्त्रींच्या घरी गेले. चहात साखर नव्हती, असं त्यांना सांगितलं. म्हणाले, मले कळलं होतं, पण माप चुकू नये म्हणून बोललो नाही.

नव्वद साल उलटल्यावर गावात फर्निचरची दुकानं आली. प्लायवूड, सनमायका, तयार सोफे, तयार पलंग, सगळ्यांना एकच माप. मिस्त्रींकडे लोक कमी येऊ लागले, आणि आले तरी तीन दिवस जेवायला घालायला कुणाला सवड नव्हती. मुलासाठी अभ्यासाचं टेबल करून घ्यावं म्हणून मी एकदा त्यांच्याकडे गेले. दारात बघते तर काय, मिस्त्री लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. एखाद्या हलवायाला बाजारचं बिस्किट खाताना पकडावं, तसं मला झालं. त्यांना मात्र काहीच वाटत नव्हतं.

"हे कोणाच्याच मापाची नाही," खुर्चीच्या हातावर थापट्या मारत ते म्हणाले. "माझ्याकडं आता कोण येईन, कोण बसन, नेम नाही. येईन त्याले चालते."

टेबल त्यांनी केलं नाही. हात थरथरायला लागला होता. उठून भिंतीवरच्या खिळ्यांकडे गेले. तिथं कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या, एका घराची एक पिशवी, त्यात त्या घरच्या सुतळ्या. अंदाजानं एक काढली आणि माझ्या हातात दिली. घेऊन जा, म्हणाले, तुमच्या घरचे मापं हायेत. मी उघडली तर सगळ्या सुतळ्या सारख्याच मळकट. त्यांनी डोळे मिटून गाठी चाचपल्या आणि एकेक सांगत गेले. ही माय. हा चौकटीचा डाग. हे सूनबाई उभ्या. आणि हे सूनबाई बसलेल्या.

मी हसत विचारलं, बसलेली कशाला ठेवली अजून? तेव्हाही तुमचा हट्ट होता.

"बैठकीच्या पायाले ठोकळे लावले हायेत ना, चार-चार बोटांचे, ते मायसाठी. माय ठेंगणी. तुमी उंच. तुमचे गुडघे बोलाले लागले का ते ठोकळे काढून टाकजा, मंग बैठक तुमच्या मापाची."

मी तेव्हा तिशीतली, सायकलवर शाळेत जाणारी. मला हसूच आलं. पिशवी घरी आणून मी ट्रंकेत टाकली. त्यानंतर दीड-दोन वर्षांत मिस्त्री गेले. सासूबाई त्यांच्यामागून दोन वर्षांनी गेल्या, शेवटच्या आठवड्यापर्यंत बैठकीवर बसून. मग त्या बैठकीवर पाण्याचा माठ ठेवला होता कितीतरी वर्षं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलानं स्वयंपाकघर नवीन करायचं काढलं. हैदराबादहून एक तरुण आला, गुणी होता, लॅपटॉपवर सगळं फिरवून फिरवून दाखवत होता. माझे गुडघे गेली दोन वर्षं बोलतायत, ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. सून म्हणाली, "आई, तुम्ही आता आराम करा. बाल्कनीत तुमच्यासाठी मस्त रिक्लायनर घेऊ." मनापासून म्हणाली ती. कदाचित माझ्यासारखीच मनापासून. मुलगाही मान हलवत होता. सासूबाईंनी डबा काढून दिला होता तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

मी उठले. माठ खाली उतरवला. बैठक आडवी पाडली, हातोडीनं हलकेच ठोकत चारी ठोकळे काढले. एकही खिळा नव्हता, नुसत्या खुंट्या, काढण्यासाठीच घातलेल्या. बैठक उभी केली, दांडा धरला आणि बसले. पाय आडव्या पट्टीवर टेकले. कोपरं ओट्यावर आली, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मग मिस्त्रींना हाक मारावीशी वाटली, साखर घालून चहा द्यावासा वाटला, आणि ते कुठेच नव्हते.

सून दाराशी उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर माझे डोळे. मी तिला म्हटलं, हैदराबादच्या मुलाला सांग, बाकी काय करायचं ते कर, हा ओटा आणि ही बैठक राहू दे. आणि ट्रंकेतून सुतळी आण.

ती सुतळी घेऊन आली. मी उठले आणि तिला बैठकीवर बसायला सांगितलं.

"मी? मी कशाला बसू, आई?" ती म्हणाली. सव्वीस वर्षांची आहे ती. तिला केवढा राग आला होता.

"बस," मी म्हटलं, आणि सुतळीचं टोक तिच्या कोपराला लावलं.